वेटरला काय करायचंय स्वयंपाकघरात?

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायचं नाही त्यांचा वेळ वाचेल. हॉटेलात ताटं आणून देणाऱ्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला, पहिली ऑर्डर घेण्याआधी, एक अख्खा दिवस भटारखान्यात काढायला मिळाला पाहिजे. त्या दिवसाचा पूर्ण पगार मिळाला पाहिजे. आणि ही मालकाची मेहरबानी समजू नये. खाणाऱ्याच्या जिवासाठी आणि वाढणाऱ्याच्या नोकरीसाठी ही गरजेची गोष्ट आहे.

निमित्त घरचंच आहे. माझ्या धाकट्या दिरांचा नातू मेलबर्नला शिकतो. कॉलेज सांभाळून तिथल्या एका रेस्टॉरंटात वेटर म्हणून काम करू लागला. पहिल्या दिवशी त्याला बाहेर उभंच केलं नाही, थेट आत पाठवलं. दिवसभर तो आत होता. कांदे सोलले, भांडी विसळली, शेगडीशी उभा राहिला, एकेका पदार्थाची चव घेतली आणि कशात काय असतं ते वहीत उतरवून घेतलं. पोराने हे कौतुकाने फोनवर सांगितलं. त्यावर आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे सुरू झालं ते वाचून मी चष्मा काढून ठेवला. "एवढी फी भरून कांदे सोलायला गेला का?" "फुकटात राबवून घेतात मेले!" आणि शेवटी, "वेटरला काय करायचंय स्वयंपाकघरात? ऑर्डर घ्यायची, ताट आणून ठेवायचं, झालं काम." हे शेवटचं वाक्य ज्यांचं, त्यांची स्वतःची दोन हॉटेलं आहेत. नाव लिहीत नाही. नात्यातले आहेत, दिवाळीला भेटायचं आहे.

ग्रुपवर मी गप्प राहिले. तिथे अंगठ्याने लिहावं लागतं आणि मला अंगठ्याने भांडता येत नाही. म्हणून इथे सविस्तर.

आधी फुकटात राबवण्याचं. तर त्याला त्या दिवसाचे पैसे मिळाले. ऑस्ट्रेलियात कामाचं शिक्षण म्हणून घेतलेल्या तासांचा पगार द्यावा लागतो, तसा तिथला कायदाच आहे. तुला हे जमतं का, एवढं बघण्यापुरती छोटीशी चाचणी बिनपगारी घेता येते, त्यापुढे नाही. आपल्याकडे 'ट्रेनिंग' म्हणून आठ-आठ दिवस राबवून हातावर काही न ठेवणारे मालक मला ठाऊक आहेत. त्यांच्याबद्दल राग असेल तर मी तुमच्या बाजूने आहे. पण राग पैसे बुडवण्यावर काढा, शिकवण्यावर काढू नका.

आता मुख्य मुद्दा. वेटरचं काम ताट आणून ठेवण्याचं आहे, असं कोण म्हणतं? ताट आणून ठेवायला ट्रॉलीसुद्धा चालेल. पुढच्या वेळी हॉटेलात बसाल तेव्हा शेजारच्या टेबलाकडे जरा कान द्या. "फार तिखट आहे का हो?" "आमटीत साखर असते का? मला डायबेटिस आहे." "हे उपासाला चालतं का?" "कांदा-लसूण नको, जमेल?" "तेल कुठलं वापरता?" "किती वेळ लागेल? आम्हाला गाडी पकडायची आहे." पाच मिनिटांत सहा प्रश्न. उत्तरं कोण देतं? मालक गल्ल्यावर आहे, आचारी आत शेगडीपुढे घाम पुसतोय. उत्तरं देतो एकोणीस वर्षांचा एक मुलगा. सोळा पदार्थांपैकी चार त्याने आयुष्यात कधी खाल्लेलेही नसतात, आणि बाकीचे बनताना कधी पाहिलेले नसतात. म्हणजे त्याचं काम उत्तर देण्याचं आहे. मी छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. धडा न वाचता वर्गावर येणाऱ्या मास्तरांना मुलं पाच मिनिटांत ओळखतात. इथे आपण पोराला धडा वाचूच देत नाही, वर्गावर मात्र रोज उभं करतो.

यात कसलं एवढं आभाळ कोसळतं, असं वाटत असेल तर घरात घडलेली एक हकीकत सांगते. २०२३ च्या डिसेंबरात माझी भाची मुलांना घेऊन अमेरिकेहून आली होती. तिच्या धाकट्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. साधी खाजबिज नव्हे, जिवावर बेतणारी. 'अस्सल मराठी जेवण' अशी पाटी असलेल्या एका हॉटेलात आम्ही नऊ जण जेवायला गेलो. बसल्या बसल्या भाचीने वेटरला जवळ बोलावलं आणि मराठीत, सावकाश, दोनदा विचारलं, "याला शेंगदाणे अजिबात चालत नाहीत. मटकीच्या उसळीत दाणे आहेत का?" तो मुलगा नम्र होता. लगबगीने गेला, खिडकीतून उसळीच्या पातेल्याकडे पाहून आला आणि म्हणाला, "नाही ताई, दाणे नाहीत."

तो खोटं बोलला नव्हता. उसळीत दाणे नव्हतेच. दाण्याचं कूट होतं.

उसळ मिळून यावी म्हणून आपल्याकडे कूट लावतात, हे तुम्हाआम्हाला सांगावं लागत नाही. त्या मुलाचं गाव दूर, त्याच्या घरी उसळ वेगळी. आत काय घातलंय ते त्याने कधी बघितलेलं नाही, कारण खिडकीच्या पलीकडे जायची त्याला परवानगीच नव्हती. चार घास झाले आणि पोराचे ओठ सुजू लागले, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला. भाचीच्या पर्समध्ये त्या औषधाचं तयार इंजेक्शन होतं, ते तिने मांडीत टोचलं आणि आम्ही रिक्षाने दवाखाना गाठला. रात्र तिथेच गेली. पोरगा वाचला. इंजेक्शन परदेशातून बरोबर आणलेलं होतं म्हणून वाचला, एवढंच म्हणते.

चौथ्या दिवशी मी त्या हॉटेलात गेले. मालक उठून उभे राहिले, हात जोडले, आणि फार मोठी भरपाई करून दिल्याच्या सुरात म्हणाले, "आजी, त्या वेटरला त्याच दिवशी काढून टाकलं."

मला तेव्हा जो संताप आला तो आजही उतरलेला नाही. ज्याला कधी शिकवलं नाही, ज्याला आत पाऊल ठेवू दिलं नाही, ज्याने आपल्या परीने जाऊन बघून येण्याची तसदी घेतली, त्याची नोकरी गेली. आचारी जागेवर. मालक गल्ल्यावर. कूट पातेल्यात. मी त्यांना म्हटलं, "उद्या नवा मुलगा येईल, त्याला कोण सांगणार आहे उसळीत काय असतं?" ते म्हणाले, "सांगू ना, सांगू." मी म्हटलं, "सांगू नका, दाखवा." त्या मुलाला परत बोलवा म्हणूनही मी बजावलं. बोलावलं नाही, कारण पुढच्या महिन्यात मी फोन करून विचारलं होतं.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. २०१७ साली लंडनमध्ये एक मुलगा आपल्या अठराव्या वाढदिवसाला बाहेर जेवायला गेला. दुधाची ॲलर्जी असल्याचं त्याने तिथल्या कर्मचाऱ्यांना सांगितलं होतं. त्याने मागवलेलं कोंबडीचं मांस ताकात मुरवलेलं होतं. मेन्यूकार्डावर ते लिहिलेलं नव्हतं आणि त्याला कोणी सांगितलंही नाही. मुलगा त्याच संध्याकाळी गेला. २०१९ मध्ये चौकशी झाली, तेव्हा त्याला खाणं सुरक्षित असल्याचा चुकीचा विश्वास दिला गेला, असा निष्कर्ष निघाला. ताक आणि कूट, दोन्ही डोळ्यांना न दिसणारे जिन्नस. ज्याने मुरवताना पाहिलंय, ज्याने कूट लावताना पाहिलंय, त्यालाच ते माहीत असतात.

"मग कायदा काय करतो?" असं आमचे हे विचारतात. (ते प्रत्येक गोष्टीत विचारतात.) कायदा आहे. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ चा आहे. त्याखालच्या २०२० च्या नियमांप्रमाणे हॉटेलांनी पदार्थांत ॲलर्जीचे जिन्नस असतील तर ते ग्राहकाला कळवायचे आहेत. यादीही दिली आहे : ग्लुटेन असलेली धान्यं, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, शेंगदाणे आणि सुकामेवा, सोयाबीन, सल्फाइट. पण हे बंधन आहे ते केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा आणि त्याहून जास्त ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांवर. आपण रविवारी जिथे जातो ती कोपऱ्यावरची खानावळ त्यात येत नाही. शिवाय अन्न हाताळणाऱ्या दर २५ माणसांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा, अशीही योजना आहे. चांगलीच आहे. पण तो एक जण कुठे आणि टेबलापाशी उभा असलेला पोरगा कुठे! प्रश्न त्या पोराला विचारला जातो. त्याच्या डोक्यात उत्तर नसेल तर भिंतीवरच्या प्रमाणपत्राचा काय उपयोग?

आता जरा मागे जाऊ. बाहेरचा आणि आतला माणूस यांच्यामधली ही भिंत आली कुठून?

जॉर्ज ऑर्वेलचं 'ॲनिमल फार्म' आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलंय. हा माणूस जन्मला बिहारात मोतीहारीला, आणि पुढे हलाखीच्या दिवसांत पॅरिसच्या एका मोठ्या हॉटेलात भांडी घासायला होता. त्यावर त्याने १९३३ साली पुस्तक लिहिलं. त्यात स्वयंपाकघर आणि जेवणघर यांच्यामधल्या दाराचं वर्णन आहे. दाराच्या आत आरडाओरडा, घाण, शिव्या. तोच वेटर दाराबाहेर पाऊल टाकतो आणि त्याचे खांदे, चेहरा, चाल सगळं बदलून जातं. जणू दुसराच माणूस. वेटरांचं सोंग म्हणून लोक हे हसून वाचतात. मला वाचताना वेगळं वाटलं. त्या दोन जगांना एकमेकांविषयी जितकं कमी माहीत असेल तितकं मालकाचं बरं चालतं, असं ते दार आहे.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. विल्यम फूट व्हाइट नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात शिकागोच्या रेस्टॉरंटांचा अभ्यास केला आणि १९४८ साली त्यावर पुस्तक काढलं. त्याला दिसलं की गर्दीच्या वेळी वाढणाऱ्या मुली रडकुंडीला येतात आणि आचारी भडकतात. कारण काय? हॉटेलातल्या उतरंडीत आचारी वरचा, वाढणारी खालची, आणि तरी ऑर्डर मात्र खालची वरच्याला देते. "दोन अमुक, एक तमुक, लवकर!" आचाऱ्याला ते हुकमासारखं लागतं. यावर काही ठिकाणी निघालेला उपाय मोठा गमतीचा होता. ऑर्डर तोंडाने सांगायचीच नाही, कागदावर लिहून खिळ्याला टोचायची. आचारी सवडीने काढून घेईल, कुठलं आधी करायचं ते तोच ठरवील. भांडणं कमी झाली.

आपल्या हॉटेलांतली केओटीची चिठ्ठी ही त्याच कागदाची नात, आणि आता बड्या हॉटेलांत टेबलावर बोटाने टॅबवर टिचकी मारली की आत पडद्यावर ऑर्डर उमटते ती पणती. चिठ्ठीला माझा विरोध नाही, भांडणं कमी झाली तर चांगलंच. पण भांडणाबरोबर बोलणंही गेलं. पूर्वी वेटर खिडकीशी उभा राहून ओरडायचा, "एक मिसळ, कट वेगळा!" आणि आतून उत्तर यायचं, "कट आज जहाल आहे रे, गिऱ्हाइकाला सांग!" हे चिठ्ठी सांगत नाही. पडदाही सांगत नाही. माणसामाणसांतलं भांडण मिटवायचे दोन रस्ते असतात : त्यांना एकमेकांपासून दूर ठेवायचं, किंवा एकमेकांचं काम करून बघायला लावायचं. आपण पहिला निवडला, कारण तो स्वस्त पडतो.

आपल्या घरच्या पद्धतीत असं नव्हतं, हे विसरू नका. आमच्या लहानपणी लग्नामुंजीत पंगतीला वाढणारे घरचेच असत. सकाळी आचाऱ्याच्या हाताखाली भाजी निवडलेली, खोबरं खोवलेलं, दुपारी तेच वाढायला. पानात मीठ-लिंबू-चटणी-कोशिंबीर कुठे आणि कुठल्या क्रमाने, हे त्यांना तोंडपाठ. एखाद्या म्हाताऱ्या आजोबांनी विचारलं, "पातळभाजीत दाणे आहेत का रे, मला दात नाहीत," तर वाढणारा तिथल्या तिथे सांगे, "आहेत काका, पण मऊ शिजलेत." कारण सकाळी ते त्यानेच भिजत घातलेले. वाढणं हा स्वयंपाकाचाच शेवटचा भाग होता. धंद्यात आपण तो तोडून वेगळा केला.

तोडताना त्यात आणखीही एक गोष्ट शिरली, ती स्पष्ट बोलते. जुन्या खानावळींच्या पाटीवर मालकाची जात लिहिलेली असे, आणि आत कोणी शिरायचं हे सोवळ्याने ठरे. तुम्ही म्हणाल, ते दिवस गेले. पाट्या गेल्या, हे खरं. पण "तू आत येऊ नकोस" हा सूर अजून पुष्कळ भटारखान्यांच्या उंबऱ्यावर आहे. कारण विचारलं तर 'स्वच्छता' सांगतात. अहो, त्याच हातांनी तो तुमचं ताट उचलून गिऱ्हाइकापुढे ठेवतो ना? टोपी घाला, हात धुवायला लावा, स्वच्छ एप्रन द्या. इतकं केलं की स्वच्छतेचा प्रश्न सुटतो. ज्यांचा त्यानंतरही सुटत नाही, त्यांचा प्रश्न स्वच्छतेचा नाही.

आणि ज्यांनी हा धंदा मुंबईत मोठा केला ते कुठून वर आले? माटुंग्याचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग रामा नायक यांनी १९४२ साली सुरू केलं. लहान वयात मुंबईत आलेला हा माणूस स्वयंपाकघरांत राबत राबत मालक झाला. उडुपी हॉटेलांत कितीतरी जण याच वाटेने गेले : आधी फडका मारणारा पोऱ्या, मग कपबशा विसळणारा, मग वेटर, मग गल्ल्यावर, आणि नशीब असेल तर स्वतःचं हॉटेल. दिवसा काम, रात्री रात्रशाळा. त्या मुलांना 'ट्रेनिंग डे' हा शब्द ठाऊक नव्हता, कारण हॉटेलाच्या सगळ्या खोल्यांतून ते वाढत्या वयात फिरलेले असत. आता मुलगा एजन्सीमार्फत येतो, काळी पँट आणि पांढरा शर्ट घालून थेट टेबलापाशी उभा राहतो. जी गोष्ट पूर्वी आपोआप होत होती, ती आता ठरवून करावी लागणार. माझं म्हणणं एवढंच आहे.

गंमत अशी की वरच्यांच्या बाबतीत हे कोणालाच चुकीचं वाटत नाही. मुंबईत १९५४ साली लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने हॉटेल व्यवस्थापनाची संस्था निघाली. आज देशभर अशा संस्था आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांना शिकता शिकता खऱ्या हॉटेलात काही आठवडे काढावे लागतात आणि स्वागतकक्ष, खोल्यांची देखभाल, स्वयंपाकघर, वाढप अशा चारही विभागांत फिरावं लागतं. उद्या मॅनेजर होऊन कोट घालणाऱ्याला स्वयंपाकघराची माहिती हवी, हे सगळ्यांना पटतं. मग जो रोज दोनशे माणसांना "हे घ्या, हे चांगलं आहे" म्हणून सांगतो, त्याला एक दिवसही का नको? कोटवाल्याला आठवडे, ताटवाल्याला शून्य. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

आता आक्षेप. आमच्या दोन हॉटेलवाल्या नातेवाइकांनी मला पुढे खासगीत लिहिलंच, ते क्रमाने घेते.

पहिला : "ही मुलं तीन महिन्यांत सोडून जातात. शिकवून काय फायदा?" अहो, नव्वद दिवसांतला एक दिवस. एकोणनव्वद दिवस तो तुमच्यासाठी नीट उत्तरं देईल. आणि सोडून का जातात याचाही विचार करा. जिथे आपल्याला काही येतं असं वाटतं, तिथे माणूस टिकतो. नुसता हमाल करून ठेवलात तर शेजारचा पाचशे रुपये जास्त देतो म्हटल्यावर तो जाणारच.

दुसरा : "आचारी आपली कृती कोणाला सांगत नाही." मान्य. कारागिराचं गुपित असतं आणि त्याचा मान ठेवला पाहिजे. पण प्रमाण गुपित ठेवा, जिन्नस गुपित ठेवू नका. मसाल्यात दगडफूल किती, हे नका सांगू. कूट आहे की नाही, हे सांगायलाच हवं.

तिसरा : "गर्दीत पायात पाय येतात." मग रविवारी दुपारी पाठवू नका, मंगळवारी सकाळी पाठवा. शाळेत आम्ही नव्या शिक्षकाला स्नेहसंमेलनाच्या दिवशी वर्ग सांभाळायला देत नव्हतो.

चौथा त्यांनी लिहिला नाही, पण मी ओळखते : वेटर आत गेला तर त्याला आतलं सगळं दिसेल. कालची भाजी आज कशात गेली, तेल कितव्यांदा तापतंय, फ्रीजमध्ये काय आहे. होय, दिसेल. दिसू द्या. जे आपल्याच पोराला दाखवायची लाज वाटते, ते गिऱ्हाइकाच्या पोटात घालायची लाज का वाटत नाही?

दिवस कसा असावा, हेही सांगते. नाहीतर उद्या कोणी तासभर आत फिरवून आणील आणि वहीत 'ट्रेनिंग झालं' अशी सही घेईल.

त्याने सकाळी भाजी येते तेव्हा यावं. निवडावी, चिरावी. वाटण कशाकशाचं होतं ते स्वतः मिक्सरमध्ये घालून बघावं. सकाळीच तयार होऊन ठेवलं जातं काय आणि ऑर्डर आल्यावर होतं काय, याची यादी करावी. ही यादी फार मोलाची. उसळ सकाळीच शिजलेली असते, त्यात "मीठ कमी घाला" हे आता शक्य नाही. थालीपीठ मात्र आत्ता थापणार आहेत, त्यात मिरची कमी करता येते. हे ज्याला कळलं तो गिऱ्हाइकाला नको तिथे हो म्हणणार नाही आणि आचाऱ्यापाशी अशक्य मागणी घेऊन जाणार नाही. थालीपिठाला वेळ का लागतो ते तव्यापाशी उभं राहून बघावं. आच मंद हवी, झाकण हवं, घाई केली तर मध्ये कच्चं. मग "पाच मिनिटांत आणतो" असं खोटं आश्वासन तो देणार नाही. कांदा-लसूण नसलेल्या पदार्थाचा झारा-कढई वेगळी असते की तीच, हे डोळ्यांनी बघावं. प्रत्येक पदार्थ एकदा चाखावा, पूर्ण वाटी नसली तरी चमचाभर. त्यात कंजुषी नको.

आणि तासभर मोरीवर भांडी घासावीत. शिक्षा म्हणून नव्हे. ताटात काय परत येतं हे तिथे कळतं. कोशिंबीर रोज उरते का? भात जास्त वाढला जातो का? गिऱ्हाइकाने तोंडाने न सांगितलेली तक्रार मोरीवर वाचता येते. शिवाय भांडी घासणाऱ्या मावशींचं नाव त्याला कळेल. उरलेल्या नोकरीत खरकटी ताटं तो त्यांच्या अंगावर भिरकावणार नाही, नीट रचून ठेवील.

दिवसाच्या शेवटी तोंडी परीक्षा. आचाऱ्याने घ्यावी, मालकाने समोर बसावं. वीस प्रश्न. "कूट कशाकशात?" "दूध-दही कशात?" "मैदा कशात?" "साखर कशात?" चुकलं तर पुन्हा सांगावं, हसू नये. बरोबर आलं तर दुसऱ्या दिवशी टेबलावर. आणि सगळ्यात महत्त्वाचं उत्तर त्याला शिकवून ठेवावं : "मला नक्की माहीत नाही, आत विचारून सांगतो." हे वाक्य बोलल्याबद्दल कोणाही मुलाला ओरडा बसता कामा नये.

जमलं तर उलटाही दिवस करावा. आचाऱ्यानेही एक दिवस स्वच्छ शर्ट घालून बाहेर उभं राहावं. "अजून किती वेळ?" हे एकाच टेबलावरून चारदा ऐकावं. त्यालाही खिडकीपलीकडच्या पोराची दया येईल.

आता आपल्यासाठी, म्हणजे टेबलाशी बसणाऱ्यांसाठी दोन शब्द. मंडळी, मालकांना नावं ठेवणं सोपं आहे. पण वेटर "विचारून सांगतो" म्हणाला की आपणच तोंड वाकडं करतो. "एवढंसुद्धा माहीत नाही?" म्हणतो. मग तो पुढच्या टेबलावर छातीठोक काहीतरी ठोकून देतो, कारण छातीठोकपणाला आपण हुशारी समजतो. घरात कोणाला ॲलर्जी असेल, मधुमेह असेल, तर "दाणे आहेत का" एवढ्यावर थांबू नका. "दाणे, कूट, दाण्याचं तेल, यातलं काही आहे का? जरा आचाऱ्याला विचारून ये" असं सांगा, आणि तो येईपर्यंत दोन मिनिटं गप्प बसा. तो परत आला की "थँक यू बाळ" म्हणा. आणि निघताना गल्ल्यावर विचारा, "तुमच्या वेटरना तुम्ही भटारखान्यात शिकायला पाठवता का?" दहा गिऱ्हाइकांनी एका आठवड्यात हा प्रश्न विचारला तर अकराव्याला वेगळं उत्तर मिळेल. मालक लोकांना मी इतकं तरी ओळखते.

दोन हॉटेलवाल्या नातेवाइकांनाही हा लेख पाठवते आहे. त्यांच्याकडे पुढच्या महिन्यात चार नवी मुलं लागणार आहेत म्हणे. मंगळवार सकाळ मोकळी असते, मीही येईन. वीस प्रश्न मी काढून देते.